गुळव्याचे डोळे

आमच्या घरात दोनच मतं होती आणि दोन्ही वडिलांची. पलटणीत राहून आलेल्या माणसाच्या घरात कुणी उजाडेपर्यंत झोपायचं नाही, हे एक. आणि पोराने पहिल्या तारखेला पगार मिळेल असंच काम धरायचं, हे दुसरं. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला गुळव्या व्हायचंय असं मी सांगितलं असतं आणि वडिलांनी हातातला तांब्या फेकून मारला असता.

साताऱ्याच्या खालच्या अंगाला कृष्णेकाठी आमचा ऊस होता. दिवाळी झाली की शिवारात गुऱ्हाळ लागायचं. बाकीचे गडी बैल हाकायचे, चिपाडं वाळवायचे, चुलवाणात जाळ घालायचे. रसाचा गूळ करणारा गुळव्या मात्र नुसता काहिलीजवळ, रसाच्या मोठ्या कढईशी, उभा राहायचा. भेंडीच्या पाण्याने मळी वर आणून काढायचा, उकळ्या बघत राहायचा आणि एकदाच म्हणायचा, "जाळ वढा." ती वेळ साधायची, एवढंच त्याचं काम. लवकर ओढला तर ढेप बसत नाही, उशिरा ओढला तर गूळ जळकट लागतो. सगळ्या शिवाराचे वर्षभराचे कष्ट त्या एका शब्दावर असायचे.

सातवीची फायनल पास झाल्यावर मी तीन हंगाम त्या गुळव्याच्या शेजारी उभा राहिलो. गाव त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणायचो. गार पाण्यात बोटं बुडवून उकळता पाक उचलायला त्याने मला शिकवलं. पहिल्यांदा बोटं भाजली तेव्हा तो हसला आणि पुन्हा बुडव म्हणाला. तिसऱ्या हंगामात एक दिवस तो काहिलीपासून मागे सरला आणि आज तू सांग म्हणाला. मी सांगितलं. ढेप फोडली तर कणीदार, पिवळीधमक. त्या दिवशी मला भूकच लागली नाही. इतका आनंद पुढे मला माझ्या लग्नातही झाला नाही. बायकोला हे ठाऊक आहे.

पण गुळव्याचं काम चार महिन्यांचं. उरलेले आठ महिने मामा कुणाच्या तरी बांधावर गवत कापायचा. माझ्या पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. लढाई चालू होती, कापडाला मागणी होती आणि सांगलीजवळ माधवनगरच्या एका मिलमध्ये माणसं हवी होती. वडिलांचा पलटणीतला एक सोबती तिथे फाटकावर होता. मला सुताला खळ देण्याच्या खात्यात लावलं.

पहिल्याच दिवशी मी सगळ्या खात्याची करमणूक केली. खळीचं मोठं पिंप उकळत होतं. बुडबुडे बघता बघता माझं भान गेलं. मी गार पाण्यात बोटं बुडवली, खळ उचलली, गोळी करून तोंडात टाकली आणि ओरडलो, "जाळ वढा!" जाळ कुठला? सगळं वाफेवर चालायचं. शिवाय खळीत चरबी असते, हेही मला तोंडात गेल्यावर कळलं. लोक पोट धरून हसले. खात्याचे मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी पिंपात काठी घालून बघितलं आणि वाफ बंद करायला सांगितलं. खळ अगदी बरोबर झाली होती. महिन्याभरात ते पिंप माझ्या ताब्यात आलं. मामाने दिलेल्या विद्येवर मी पगार घेऊ लागलो आणि वडील गावभर सांगत सुटले.

दर हंगामाच्या शेवटी मामा माझ्यासाठी एक ढेप पाठवायचा. दोन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, तो स्वतःच गाडीने आला. खोलीच्या पायरीला अडखळला. बायकोने पुढे केलेला चहाचा पेला त्याला चटकन सापडला नाही. ती आत गेल्यावर तो हळू आवाजात बोलला.

"मला रंग दिसत न्हाई रं. माणूस दिसतंय, पर काहिलीत लाल हाय का पिवळं, कळत न्हाई. एक हंगाम माज्याजवळ उबा ऱ्हा. रंग तू सांग, तवर मी उकळी कानानं वळखायला शिकून घेतो. कुणाला कळायचं न्हाई. म्होरं गुऱ्हाळं तुजीच."

मला जायचं होतं, हे मी आज स्पष्ट सांगतो. पण त्याच महिन्यात मला कायम करणार होते, बायकोला सातवा महिना होता आणि दोघी बहिणींतल्या थोरलीला बघून गेले होते. मी म्हटलं, "बघतो, मामा." आमच्याकडे बघतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो म्हणाला, पगाराचं काम सोडू नकोस, वडिलांना वाईट वाटेल. मग त्याने बशीतला चहा सावकाश संपवला. मी त्याला स्टेशनवर पोचवलं.

त्या हंगामाची ढेप आली. बायको म्हणाली, गूळ बरा आहे. मी खडा तोंडात टाकला आणि मला रडू आलं. चार उकळ्या उशीर झाला होता. जवळ उभं राहून कुणी सांगितलं असतं, तर झाला नसता. पुढच्या वर्षी ढेप आली नाही. गावाने कराडकडचा नवा गुळव्या आणल्याचं वडिलांनी पत्रात लिहिलं.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी माघात गावी गेलो. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर गेलो, तर मामा चुलवाणाच्या तोंडाशी बसून आत चिपाडं सारत होता. माझा आवाज त्याने लगेच ओळखला. कुशल विचारलं, लेकराचं विचारलं. मग म्हणाला, "वर जाऊन जरा रंग बघ की. झालाय का सांग."

नव्या गुळव्याच्या शेजारी उभा राहून मी काहिलीवर वाकलो. वाफ तोंडावर आली. चार वर्षं मी पांढऱ्या खळीकडे बघत होतो. समोरचा रंग मला दिसत होता, पण तो झालाय की नाही, काही केल्या समजेना. खाली येऊन मी म्हटलं, "झालाय, मामा."

त्याने मान तिरकी करून काहिलीचा आवाज ऐकला. "न्हाई," तो म्हणाला. "आजून दोन उकळ्या हायत."

दोन उकळ्या झाल्या. त्याने जाळ बाहेर ओढला. मग वरून नव्या गुळव्याचा आवाज आला, "जाळ वढा."