महालिंग सरांचा सरळ कोन

मृत्यूपुढे शेवटी प्रत्येकाला आडवं व्हावंच लागतं, असं शोकसभेचे अध्यक्ष धीरगंभीर आवाजात म्हणाले. महालिंग सर झाले नाहीत.

मानवतच्या शाळेत ते भूमिती शिकवायचे, मी मराठी. कोनमापक उलट्या बाजूनं वाचणाऱ्या पोरांवर त्यांचा भारी राग. निवृत्तीनंतर हृदय थकलं. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून घरात भाड्याचा लोखंडी पलंग आला. पायथ्याचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू उचलली जायची. ‘तीस अंशांवर ठेवा,’ डॉक्टर म्हणाले. ‘उलटीकडून वाचायलाय तुमी,’ सर धापा टाकत म्हणाले. ‘पाठ आन् पाय यांच्यातला कोन दीडशेचा हाय. विशालकोन.’ ‘आधी दम घ्या,’ वहिनी म्हणाल्या, ‘मग शिकवा डॉक्टरला.’

दांडा फिरवण्याचं काम माझ्याकडे आलं. दुसरं काही मला करता येण्यासारखंही नव्हतं. पलंग चढत गेला, सरांचा कोन मिटत गेला... त्यांना एकच हवं होतं. ‘एकदा सरळ कोन करून झोपू दे रे, मराठीच्या मास्तरा.’ एका दुपारी मी पलंग हळूहळू खाली आणला. पाठ पुरती टेकायच्या आतच त्यांचे ओठ निळे पडले. वहिनी ओरडल्या, मी दांडा उलटा फिरवला. बऱ्याच वेळानं श्वास सापडल्यावर सर म्हणाले, ‘राहू दे. न्हाई जमत.’ वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही त्यांनी कधी असं म्हटलं नव्हतं.

एका सकाळी चहा यायच्या आत, काटकोनात बसल्या बसल्याच ते गेले. निरोप मिळताच मी धावलो. वाटलं, आता तरी... पण सर लिंगायत. त्यांच्याकडे माणसाला बसवूनच पुरतात. तरी मी त्यांच्या मुलाला विचारलं, ‘घटकाभर आडवं ठेवलं तर?’ ‘काका, आमच्यात बसवतेत,’ तो हलक्या आवाजात म्हणाला. ‘अंग आखडायच्या आतच बसवावं लागतंय.’ सरांना भिंतीला टेकवून, कपाळाला भस्म लावून, हार घालून बसवलं होतं.

अजून त्यांच्या खोलीत गेलो की माझा हात आपोआप पायथ्याशी दांडा शोधतो. पलंगवाला त्याच आठवड्यात येऊन गेला. त्यानं दांडा फिरवून पलंग पुरता सपाट केला आणि नेला. सपाट केल्याशिवाय तो टेम्पोत मावत नाही.