शेवटच्या रांगेतला हात

नाना नाटकाला आले की थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे, पुढच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. "पुढच्याला कुणाचंबी ऐकू येतंय. मागच्यानं काय वर्गणी दिली नाय व्हय?" मी रंगमंचावर बोलू लागले आणि त्यांना ऐकू आलं नाही, की त्यांचा उजवा हात वर जायचा. मी आवाज वाढवला की खाली यायचा. सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या बालनाट्य मंडळातली पोरं माझ्या वडिलांना 'हातवाले काका' म्हणायची आणि विंगेतून मला चिडवायची, "ए, तुझा सिग्नल आला बघ!"

नाना मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी आठ तास उभं राहायचं काम. नाटकाच्या दिवशी ते कुणाशी तरी शिफ्ट बदलून घ्यायचे आणि कंपनीच्या बसमधून उतरून गणवेशातच हॉलवर यायचे. एकही प्रयोग चुकवला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यांच्या बाजूचं नाही.

"माणसानं तोंडाकडं बघून बोलावं," हा त्यांचा घरातला कायदा. आई भाकरी थापताना पाठमोरी काही बोलली तर उत्तरच द्यायचे नाहीत. पुन्हा विचारलं की म्हणायचे, "भिंतीशी बोलतीस का माझ्याशी?" आम्ही याला शिस्त समजायचो. विनोदावर ते सगळ्यांच्या नंतर हसायचे. आई म्हणायची, "तुमच्या नानांचं हसू पॅसेंजरनं येतं."

मी चौदा वर्षांची असताना कॉलन्यांच्या नाट्यस्पर्धेत आम्ही अंतिम फेरीत पोचलो. माझं काम आजारी मुलीचं. शेवटी ती भावाला म्हणते, "दादा, दिवा राहू दे." हे एकच वाक्य नाटक बसवणाऱ्या सरांनी महिनाभर घोटून घेतलं होतं. "ओठातल्या ओठात म्हण. हॉल आपोआप शांत होईल."

हॉल खरंच शांत झाला. मी वाक्य म्हटलं. मागे हात वर गेला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. हात वरच. तिसऱ्यांदा मी ओरडले. मरायला टेकलेली पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडल्यावर दुसरं काय होणार? अख्खा हॉल हसला. हात खाली आला. आणि मग, सगळ्यांच्या नंतर, नाना हसले.

"आता कसं खणखणीत!" घरी जाताना ते खुशीत म्हणाले. पुढच्या नाटकात सरांनी मला पडदा ओढायला ठेवलं. मी जाणंच सोडलं. नानांनी कारण विचारलं तेव्हा "अभ्यास" म्हणून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

खरं काय ते नाना निवृत्त झाल्यावर कळलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हे बहिरेपण कमीत कमी वीस वर्षांपासूनचं आहे. आईला माहीत होतं. कंपनीच्या तपासणीत नाना डॉक्टरांच्या ओठांकडे बघून वेळ मारून न्यायचे.

"कळलं असतं तर प्रेसवरून काढलं असतं मला," नाना म्हणाले. "तू लहान. बाहेर बोलली असतीस."

"मग हात कशाला वर करायचात?" मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

"तुझं ऐकायचं होतं मला." मग त्यांनीच विचारलं, "त्या फायनलला लोकं का हसली गं? मी आपला हसलो, समदे हसले म्हणून."

उत्तर मी खिडकीकडे तोंड करून दिलं. मुद्दाम. सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि जरा थांबून हसले.

पुढच्याच वर्षी ते गेले. समोर बघून सांगायचं राहून गेलं.

आता माझी मुलगी त्याच मंडळात काम करते. मी शेवटच्या रांगेत बसते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. घरी येताना ती विचारते, "आई, मागं ऐकू आलं का सगळं?"

"आलं," मी म्हणते. आलेलं नसलं तरी.