आईच्या गुलाबाचा ठराव

आमच्या घरात हात वर करून निर्णय होतात. टीव्ही घ्यायचा की नाही, ताईनं कोणत्या कॉलेजात जायचं, अंगणात फरशी घालायची का, सगळं. बाबा कारखान्यात कामाला, पण जीव चळवळीच्या पत्रकांत. संध्याकाळी ते पत्रकं लिहायचे आणि रविवारी आम्ही दोघी बहिणी ती वाटत फिरायचो. मी अक्षरं जुळवून वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. 'जाहीर निषेध' मला 'कमळ' आणि 'बदक'च्या आधी वाचता येऊ लागलं. चांदे गावात आमच्या या मतदानावर लोक हसतात. "आज भाजी कोणची? झालं का मतदान?" असं शेजारची काकू कुंपणावरून विचारते. मला या सवयीचा अभिमान होता. अजूनही आहे, पण गेल्या वर्षापासून तो नीट बसत नाही, बुटात खडा गेल्यासारखा टोचतो.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईनं भूगावच्या नर्सरीतून गुलाबाचं एक कलम आणलं. गडद लाल फुलांचं. लग्न पुढच्या फेब्रुवारीत होतं. विहारात बुद्धमूर्तीपुढं जी फुलं ठेवायची ती आपल्या दारची असावीत, एवढंच तिला हवं होतं. त्यामागं एक गोष्ट आहे. आईबाबांच्या लग्नात मूर्तीपुढं कागदाची फुलं होती. बाबांनी उरलेली पत्रकं कापून ती केली होती आणि हा किस्सा ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. लोक कौतुकानं हसतात. आई त्या वेळी चहा ठेवायला आत जाते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वर्ष वाईटच निघालं. ऐन मे महिन्यात, ऊन तापायच्या दिवसांत, पाऊस लागला आणि मग थांबायचं नावच घेईना. पानांवर काळे ठिपके आले, पानं पिवळी पडून गळाली. मधे दोन दिवस उघडीप मिळाली की समोरच्या बिल्डरच्या कामावरून सिमेंटची धूळ उडायची आणि ओल्या पानांवर तिचा लेप बसायचा. आई फडक्यानं एकेक पान पुसायची. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत यायच्या. ती वाळलेलं कापायची, पुन्हा त्याच्या खाली वाळायचं. मी कामावरून आले की चप्पल न काढता आधी झाडाकडं जायचे. झाडाचं काही कळत नव्हतं मला, तरी जायचे. नाहीतर घरात शिरलं तरी चैन पडायची नाही.

अशात बुंध्याच्या तळातून एक नवी फूट निघाली. फिकट हिरवी, बिनकाट्याची, जोरदार. चार दिवसांत ती गुडघ्याएवढी झाली. मी आनंदानं ओरडले. आईनं मात्र कात्री काढली.

"ही आपली न्हाई," ती म्हणाली. "ही खालच्या रानगुलाबाच्या खुंटाची हाय. लाल गुलाबाचा डोळा ह्या खुंटावर बांधलाय. नर्सरीवाल्यानं सांगितलंय, खालून फुटलं की लगीच काढा, न्हाईतर वरचं मरतं."

बाबा पेपर बाजूला ठेवून बाहेर आले. "म्हणजे मुळं ह्याची, पाणी हा ओढणार, आणि फुलायचं फक्त वरच्यानं? ह्यानं डोकं वर काढलं की छाटायचं?"

"अहो, झाड हाय ते, मोर्चा न्हाई."

पण मी पेटलेच होते. खालच्यानं राबायचं आणि वरच्यानं मिरवायचं, हे वाक्य मी किती पत्रकांत वाचलं होतं, दोन-तीन पत्रकांत तर स्वतः लिहिलंही होतं. आता ते माझ्या अंगणात उगवलं होतं. दोघंही जगू देत, खत वाढवू, पाणी वाढवू, एकाला मारूनच दुसरा का जगावा, असं मी बोलत सुटले. बाबांचे डोळे चमकले. मग व्हायचं तेच झालं. कापायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. आईचा एक हात वर गेला. कापू नये, बाबा आणि मी. ताई फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलत होती, तिनं मानेनंच 'मला विचारू नका' असं केलं.

आईनं कात्री खिळ्याला अडकवली.

पुढचे महिने ती कात्री तिथंच लटकत होती. बाबा, मी, ताई, तिघंही कामावर. दिवसभर घरात आई एकटी. ती फूट खुडून टाकली असती तर वाऱ्यानं मोडली म्हणता आलं असतं. आईनं तिला बोट लावलं नाही. दिवाळीच्या आधी तिनं मुळांवरची माती उकरून ऊन दिलं, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली. खालच्या फुटीनं ते सगळं खाल्लं आणि ती भिंतीवर चढली. वरच्या लाल गुलाबाची एकच फांदी उरली, करंगळीएवढी जाड.

डिसेंबरात मला राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी म्हणाले, "आई, काप ना ते. मी सांगते बाबांना."

"ठराव झालाय न्हवं?"

"अगं, ठराव चुकला!"

"मग तवा हात कशाला वर केलास?" ती भाकरी थापत राहिली. "तुमी हरलात की फेरमतदान. मी हरले की मी हरले. असंच चालत आलंय हितं. टीव्हीच्या वक्ताला काय बोलले न्हाई, फरशीच्या वक्ताला काय बोलले न्हाई. दोघं मिळून हात वर करता, मी मोजत बसते."

मी तडक बाहेर गेले. बाबा ताईच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर लिहीत होते. मी त्यांच्याशी भांडले, मोठ्यानं भांडले. हे झाड कोणाचं? तिच्या झाडावर आपण मत कोणत्या हक्कानं दिलं? बाबा म्हणाले, लोकशाहीत असं वैयक्तिक काही नसतं. मी म्हणाले, मग तुमच्या पत्रकांतल्या ओळींवरही घेऊ या मतदान, आईला कापायला सांगू. ताई आतून ओरडली, "लगीन माझं हाय, माझा हात कापायच्या बाजूनं! मोजा आता."

बाबा उठले. खिळ्यावरची कात्री काढून त्यांनी आईपुढं धरली. ती गंजली होती. आईनं तिला तेल लावलं, माती बाजूला केली आणि खालची फूट अगदी मुळाशी कापली. भिंतीवरची सगळी हिरवाई दुपारपर्यंत मलूल झाली. ते बघून मला अजिबात बरं वाटलं नाही. त्या फुटीचाही काही गुन्हा नव्हता.

मग रोज तीच एक फांदी. माव्याची कीड आली, आईनं साबणाच्या पाण्यानं धुतली. पालवी फुटली, तांबूस. जानेवारी सरता सरता टोकाशी एक कळी दिसली. एकच. एका फुलानं काय होणार म्हणून बाबांनी बाजारात हार सांगून ठेवले. मी दिवसातून तीनतीनदा कळी बघायचे आणि दर वेळी ती कालच्याएवढीच वाटायची.

लग्नाच्या सकाळी ती अर्धी उमलली होती. बाहेरच्या पाकळीवर काळसर डाग होता. दारात गाडी उभी, ताई नटून बसलेली, पाहुण्यांची गडबड. बाबा झाडापाशी थांबले.

"आत्ता तोडली तर धड फूलही न्हाई," ते म्हणाले. "अजून दोन दिवस ठेवली तर काय सुंदर उमलंल. काय करायचं? बोला..."

माझा हात सवयीनं खांद्यापर्यंत गेला.

तेवढ्यात कट् असा आवाज झाला. आईनं कात्री कंबरेला खोचली, कळी पदराआड धरली.

"कुणाला इचारायचं न्हाई," ती म्हणाली. "फूल माझं हाय."

ती गाडीत पुढं जाऊन बसली. बाबा मागं बसले. विहार येईपर्यंत मी तिच्या मुठीकडं बघत होते आणि माझा तो हात मांडीवर ठेवावा की कुठं, मला कळत नव्हतं.