घरात दोन पाहुण्या

आयर्लंडमधल्या ट्रली गावात बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. शाळकरी पोरं म्हणतात, काठी टेकत उतरणाऱ्या आजी म्हणतात, आणि घाईत उतरलेला माणूसही फुटपाथवरून मागे वळून म्हणतो. मी तिथे शिकायला गेले, तेव्हा पहिल्या महिन्यात मला याची गंमत वाटली. पाचव्या महिन्यापर्यंत ते माझ्या हाडीमासी भिनलं होतं. एका पावासाठी दुकानात चार वेळा थँक्यू, आणि कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणणार. एकदा पुण्याहून चिवड्याचं पार्सल आलं, तेव्हा फोनवर मी आईलाही थँक्यू म्हणाले. आई म्हणाली, "अगं, मी काय दुकानदार आहे का?"

ट्रलीत माझ्यासोबत घरात राहणारी वर्गमैत्रीण चीनची. ती पदवीसाठी माझ्या दोन वर्षं आधीच आयर्लंडला आलेली आणि तेव्हापासून एकदाही घरी गेलेली नव्हती. वडील ती शाळेत असतानाच गेले; घरी आई एकटी. जानेवारीत तिला ट्रलीतच एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. सप्टेंबरमध्ये कोर्स संपला की रुजू व्हायचं, करार दोन वर्षांचा. पण आईला वचन दिलेलं, की कोर्स झाला की परत येते.

"तू चल माझ्याबरोबर. नववर्षाचा सण आहे," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर आई माझ्यावर चिडणार नाही."

म्हणजे मला ढाल म्हणून नेणार होती. मला काय, चीन बघायला मिळणार! डब्लिनला दोन चकरा मारून व्हिसा काढला. शेजारच्या आजोबांना विचारलं, दोन आठवडे आमचे कचऱ्याचे डबे बघाल का? ते म्हणाले, "ग्रँड." तिथे या एका शब्दात हो, बरं, काळजी नको, सगळं येतं.

मी मनात फार मोठं परकं जग धरून गेले होते. मैत्रिणीच्या भाषेत 'लहानसं गाव' म्हणजे तीस-तीस मजल्यांच्या इमारती निघाल्या, तिथवर माझं बरोबर होतं. पण सतराव्या मजल्यावरचं दार उघडलं आणि सगळं बदललं. आत जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, तोच शेजारच्या दोन बायका मला बघायला हजर. वय किती? लग्न का नाही केलं? वजन किती? भाऊ काय करतो? आयर्लंडमध्ये पाच महिन्यांत मला पावसापलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. मैत्रीण भाषांतर करताना लाजून लाल झाली होती आणि मी मात्र खूश. इतका लांबचा प्रवास करून मी पोचले होते ती जणू माझ्या सख्ख्या मावशीकडेच. तेव्हापासून तिच्या आईला मी मनातल्या मनात मावशीच म्हणू लागले.

मावशींनी हातात पेला दिला. त्यात नुसतं कढत पाणी. गार पाणी पितात हे त्यांना मान्यच नव्हतं. आणि चीन म्हणजे भात, ही माझी समजूत स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी निकालात निघाली. तिथे कणीक! भल्यामोठ्या भांड्यात मळलेली, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली. सणाच्या संध्याकाळी त्याच कणकेच्या करंज्या झाल्या, फक्त आत भाजी आणि अंडं, आणि तळायच्या ऐवजी उकडलेल्या. मी सव्वीस खाल्ल्या. मोजल्या मावशींनी, आणि शेजारणींना जाहीर केल्या.

त्याच जेवणात घोटाळा झाला. मावशींनी माशाचा गळ्याजवळचा मऊ तुकडा काट्यांतून सोडवून लेकीच्या वाडग्यात ठेवला, आणि ती पटकन काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला न सांगताच कळलं, कारण आवाज तोच होता, बसमधून उतरतानाचा. मावशींनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. एकच वाक्य बोलल्या आणि उठून आत गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, घरात पाहुण्या दोन आल्यात."

मैत्रिणीचे डोळे भरले होते. "आता नोकरीचं कसं विचारू? तिला वाटतंय, मी आत्ताच परकी झाले. अजून दोन वर्षं मागितली तर काय उरलं, असंच ती म्हणेल."

पुढचे दोन दिवस घर नको तितकं सभ्य झालं. मावशी लेकीला विचारून विचारून वाढत होत्या आणि लेक आभार गिळत गिळत जेवत होती. मला ते बघवेना. शांत बसणं माझ्या स्वभावात नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रीण बाजारात गेली आणि मी लाटणं उचलून मावशींशेजारी उभी राहिले. माझी पोळी जन्मात कधी गोल झालेली नाही, ती चीनमध्ये तरी कशी होणार? मावशींनी माझा नकाशा उचलला, बघितला, परत मळला. मग मी फोनवरचं भाषांतराचं ॲप काढलं आणि त्यांना चिवड्याची गोष्ट सांगितली. ट्रलीत ड्रायव्हरचे, दुकानदाराचे, सगळ्यांचे आभार मानतात, ती सवय लागते, मीही माझ्या आईला थँक्यू म्हणाले, आणि आई म्हणाली, मी काय दुकानदार आहे का? फोनमधली बाई हे सगळं बातम्या दिल्यासारखं बोलली. मावशी ऐकता ऐकता पिठाच्या हातांनीच तोंड झाकून हसायला लागल्या.

मग त्यांनी फोन स्वतःकडे ओढून विचारलं, "मग तू काय केलंस?"

"दुसऱ्या दिवशी फोन करून भांडले. चिवड्यात मीठ जास्त आहे म्हणाले. आई अर्धा तास मला बोलली आणि खूश झाली."

मावशींनी आणखी विचारलं ते एवढंच, की तिथे कुणी जेवलीस का म्हणून विचारतं का. मला खोटं बोलवेना. म्हटलं, नाही, ते पावसाबद्दल विचारतात. पण आम्ही विसरलो तर शेजारचे आजोबा आमचे कचऱ्याचे डबे आत आणून ठेवतात.

मैत्रीण परतल्यावर मी तिला लिफ्टपाशीच गाठलं. "भांड," मी म्हटलं. "कशावरूनही." तिला आधी जमेना. जेवायला बसल्यावर मात्र ती म्हणाली, सुपात आलं किती घातलंयस! मावशी कडाडल्या. दोन वर्षं बाहेर राहिलीस, आता आईला स्वयंपाक शिकवतेस? लेकही सुरू झाली. दोघींचे आवाज चढले, शेजारीण दार उघडून बघून गेली, आणि मी आनंदानं तिसरा वाडगा भरून घेतला. त्याच भांडणाच्या भरात मैत्रिणीनं नोकरीचं सांगून टाकलं. दोन वर्षं, फक्त दोन.

मावशी उरलेलं सूप पिऊन कोट घालून बाहेर पडल्या.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या मैत्रिणीची बॅग भरायला बसल्या. बाजारातून आणलेल्या पिशवीतून त्यांनी लोकरीच्या आतल्या विजारी काढल्या, तिकडे थंडीत पॅन्टच्या आत घालतात तसल्या. एका हिवाळ्याला एक, असा त्यांच्या घरचा हिशोब, मैत्रीण मला सांगू लागली आणि सांगता सांगता थबकली. विजारी पाच होत्या.

"मी तर दोनच वर्षं म्हटलं होतं," ती म्हणाली.

मावशींनी पाचवी उलगडून तिच्या कमरेला लावून पाहिली. ती बाकीच्यांपेक्षा सैल होती. "तोवर अंगानं भरशील," त्या म्हणाल्या, आणि मैत्रिणीनं ते मला सांगता सांगता त्याच विजारीत तोंड लपवलं.

बॅग बंद होत नव्हती. मावशींनी मला तिच्यावर बसायची खूण केली. मी रडत रडत बसले. त्यांनी गुडघे टेकले, लेकीला हात लावू दिला नाही, आणि चेन स्वतःच ओढून लावली.