नूपुरचे पाय आणि माझे बूट

नूपुर माझी जाऊ, धाकटी. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर मी चांगलंच सांगते, कारण वाईट सांगायला काही सापडत नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. जळते मी तिच्यावर. आडून आडून कशाला बोलायचं?

गिरगावात वाढली, दादरच्या शाळेत गणित शिकवते. पाच वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराशी, प्रफुल्लशी लग्न करून आमच्या काळाचौकीच्या चाळीत आली. मला वाटलं, शिकलेली, नाजूक पोर, आठवड्यात नाक मुरडायला लागेल. कसलं काय! महिनाभरात मजल्यावरच्या सगळ्या पोरांचं गणित हिच्याकडे आणि सगळ्या बायकांची गुपितंही हिच्याकडे. मला आजही नावाने हाक मारणाऱ्या सासूबाई तिला पहिल्या दिवसापासून लाडाने ‘गो बाय’ म्हणतात.

त्या पहिल्या दिवसाचंच घ्या. आमच्याकडे नवी सून कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून घरात येते. नूपुरचे ठसे कसे, तर टाच, कडेने एक बारीक रेघ आणि पुढे पाच बोटं. बायका म्हणाल्या, अगदी लक्ष्मीची पावलं. सासूबाईंनी कापड फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. माझ्या लग्नात माझी पावलं अख्खीच्या अख्खी उमटली होती, घावण्यासारखी, मध्ये रिकामी जागा म्हणून नाही. तेव्हा कुणीतरी ‘भरलेली पावलं आहेत हो’ म्हणून वेळ मारून नेली. ते कापड माळ्यावरच्या ट्रंकेत गेलं ते गेलंच.

धावणं मात्र माझं होतं. परळला एका लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते. दिवसभर लोकांची शुगर बघून धास्ती बसली आणि सकाळी मैदानात धावायला लागले. पुढे त्याची गोडीच लागली. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. तर एक दिवस ही दारात उभी. "ताई, मी पण येऊ?" नाही कसं म्हणणार? चार महिन्यांत ही पुढे आणि मी मागे. रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर हिची हलणारी वेणी.

मग वरळीला बायकांची दहा किलोमीटरची शर्यत जाहीर झाली. दोघींनी नावं दिली. मी मनाशी ठरवलं, एकदा, फक्त एकदा हिला मागे टाकायचं. पुढे आयुष्यभर तिची वेणी बघायची तयारी आहे.

तिने शर्यतीसाठी नारिंगी बूट आणले. हातात घेतले तर डब्याचं रिकामं झाकण उचलल्यासारखे. माझे बूट म्हणजे धोंडे. मला लख्ख उजेड पडला, हिचं सगळं यश या बुटांत आहे. म्हटलं, मी पण हेच घेणार.

"ताई, तुम्हाला हे नाही चालणार," ती म्हणाली. "तुमचा पाय आत कलतो. जुन्या बुटांचे तळ बघा ना, आतल्या कडेनेच झिजलेत. तुम्हाला आधार असलेले लागतील."

मनात म्हटलं, वा गं शहाणे, मला विटा बांधून पळवायचंय होय! दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन तेच बूट घेतले. रंगही तोच.

पहिल्या दिवशी उडत धावले. तिसऱ्या दिवशी नडगी ठणकायला लागली. पायाखाली गादी घातल्यासारखं मऊ, आणि प्रत्येक पावलाला घोटा आत कोसळतोय. नवे आहेत, सरावतील, म्हणत दात-ओठ खाऊन धावत राहिले. आठवड्याने जिना उतरताना कठड्याला धरायची वेळ आली. घरात ब्र काढला नाही.

पण तिच्या नजरेतून काही सुटतंय का? एका संध्याकाळी कामावरून आले तर ट्रंक खाली, माझं ते कापड पलंगावर पसरलेलं, आणि नूपुर मोबाईलवर त्याचा फोटो काढतेय. शेजारी सासूबाई.

"ताई, बरं झालं आलात. बूट निवडायला दुकानात पाय ओला करून कागदावर उभं करतात ना, त्यापेक्षा हे किती छान. हे तर चालतानाचे ठसे आहेत. उजवा जास्तच टेकतो बघा तुमचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं माळ्यावर दडवलेली माझी लाज हिने घडी मोडून पलंगावर मांडली, आणि तीसुद्धा मदत म्हणून! ओरडायचं होतं, पण नडगी अशी ठणकत होती की मी पलंगाच्या कडेला बसले. दोन आठवडे धावणं बंद, असं तिने सांगितलं. तेही ऐकलं.

पाय बरा झाल्यावर लोअर परळच्या दुकानात तिने माझ्या गृहप्रवेशाचा फोटो विक्रेत्यापुढे धरला. तो बिचारा गंभीरपणे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, हलका म्हणजे बिनआधाराचाच असतो असं नाही. मधे कंबरेसारखा बारीक न होणारा, रुंद तळाचा घ्या. आतल्या बाजूला जरा कडक हवा, टाच घट्ट धरणारा हवा." तीन जोड काढले. एका पायावर उभं राहून गुडघा किंचित वाकवायचा आणि घोटा कलतो का ते बघायचं. ते बघायला नूपुर चक्क दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली. पहिल्यात घोटा कलला. दुसरा माझ्या जुन्यांइतकाच जड. तिसऱ्यात मी सरळ उभी राहिले. तिच्या बुटांपेक्षा थोडे जड, पण माझ्या धोंड्यांच्या निम्मेच. रंग मेला राखाडी. घेतले.

शर्यतीत निम्म्या अंतरापर्यंत वेणी पुढेच होती. पण पाय दुखेना, घोटा हलेना. वळसा घालून परत फिरलो तेव्हा मी तिच्या बरोबरीला आले, मग पुढे गेले. "मस्त, ताई, जा," ती मागून म्हणाली. ते ऐकून तर मी जीव खाऊन पळाले आणि तिच्या आधी पोचले. खरंच पोचले. गळ्यात मेडल घालून घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते.

सासूबाई गॅलरीत शेजारच्या शेवंतीमावशींना सांगत होत्या, "धाकटेन बूट शोधून दिल्यान, म्हणान थोरली पुढे इली."

माझं उत्तर जिभेवर तयार होतं. चांगलं झणझणीत होतं. पण त्याआधीच नूपुर म्हणाली, "आई, बूट तर दुकानात नुसते पडून होते. धावल्या त्या ताई."

झालं. बोलायला काही ठेवलंच नाही तिने.

आता एकच आशा उरली होती, की हिने मुद्दाम मला पुढे जाऊ दिलं असेल. मग निदान भांडता तरी आलं असतं. दुपारी मोबाईलवर निकाल काढून बघितला. ती तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेत धावली होती. म्हणजे मी खरोखर जिंकले होते. बूटही तिने मनापासूनच निवडले होते. जळायला एकसुद्धा कारण उरलं नव्हतं, आणि तरी मी जळतच होते.