काचेपाशी

खडकवासल्याचं पाणी गढूळ झालं की आमच्या नळाला क्लोरीनचा उग्र वास येतो. आज सकाळी तो आला आणि बादलीकडे गेलेला माझा हात थबकला.

बऱ्याच वर्षांपूर्वी, बाबांना हार्ट अटॅक येऊन गेल्यावर त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांच्या खोलीत डिस्कस मासे आणून ठेवले होते. बशीसारखे गोल, केशरी. ते किती नाजूक असतात हे आणल्यावर कळलं. पाणी दिवसभर बादल्यांत उघडं ठेवून मगच टँकमध्ये घातलं, तरी ते काळवंडले आणि हीटरमागे एकमेकांना चिकटून राहिले. क्लोरीनच बाधलं असणार. मी पाण्याचा वास घेत होते, थर्मामीटर बघत होते, पुन्हा काचेला नाक लावत होते. बाबांच्या डोळ्यांदेखत एखादा मेला तर, हाच विचार डोक्यात होता.

बाबा पलंगावरून बघत होते.

“त्यांना काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “तू बाहेर गेलीस की रंग परत येतो. तू काचेपाशी आलीस की घाबरतात.” मग डोळे मिटून म्हणाले, “मी झोपल्यावर तू दारात उभी राहून माझा श्वास बघतेस ना, तेव्हा माझंही तसंच होतं.”

ते बोलणं मला फार लागलं होतं.

यंदा माझं ऑपरेशन झालं. दुपारी मी पडले की लेक हळूच दार ढकलून उभी राहते. मी जागीच असते. डोळे उघडत नाही. नुसती कूस बदलते, तिला दिसेल अशी.