दोन लाल पदं

गुरुग्रामच्या एका शाळेत मी बरीच वर्षं गणिताची हंगामी शिक्षिका होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत फोन वाजला की पहिला विचार हाच, पुढच्या वर्षी बोलावतात की नाही. अखेर एक कायम पद निघालं. उमेदवार दोघी: मी, आणि एक तरुण मुलगी, जिला एम.एस्सी.ला माझ्यापेक्षा भरघोस मार्क. निवड नमुना-पाठावर होणार होती.

मी ठरवलं, फळा नको, नाटक करू. बीजगणिताचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याला कंस द्यायचा, ते विस्तार करून सगळी पदं ओळीत उभी करतं आणि सांगू ते पद लाल करतं. गाझियाबादच्या घरी जेवणाच्या टेबलावर तालीम केली. सहगुणक ५४ असलेलं पद लाल कर म्हटलं की बरोबर एक पद नव्या नवरीसारखं लाजायचं. निघताना नवरा म्हणाला, "जा, पद घेऊन ये."

वर्गात मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि बाहेरून आलेले परीक्षक सर. माझं उदाहरण पडद्यावर येण्याआधीच सरांनी थांबवलं आणि स्वतःचं दिलं: कंसात x अधिक २y, कंसाचा घात पाच. त्यातलं x वर्ग, y घन असलेलं पद दाखवा. घाईघाईत मनात सहगुणक काढला, ऐंशी. ऐंशीवालं पद लाल कर असं टाइप केलं आणि कळ दाबली.

दोन पदं लाल झाली.

८०x²y³ आणि ८०xy⁴, शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखी. मुलं कुजबुजू लागली. मुख्याध्यापिकांचं पेन कागदावर टेकलं. सर शांतपणे म्हणाले, "मैडम, पद एक है. आपने दो चुन लिए."

दाराच्या काचेतून ती दुसरी उमेदवार दिसत होती. मी ओढणी सारखी केली, रंगमंचावर प्रवेश घेतल्यासारखी दोन पावलं पुढे आले.

"सर, सिर्फ़ नंबर देखकर चुनेंगे तो दो ही निकलेंगे. घात भी देखने पड़ते हैं."

नंबर म्हणजे मार्कसुद्धा, हे तिथे कुणाला समजावायला नको होतं. घात तर माझाच व्हायची वेळ आली होती. मी मुलांकडे वळून विचारलं, यातलं सरांना हवं ते कोणतं. y वर तीन असलेलं, एक मुलगी म्हणाली. मग मी आज्ञा बदलली: ऐंशी खोडलं, x चा घात दोन आणि y चा तीन असं लिहिलं. पुन्हा कळ दाबली. एक पद काळं पडलं, एक लाल राहिलं.

पाठ संपल्यावर सरांनी मला दाराशी गाठलं. "सच बताइए, जानबूझकर किया था?"

"पद मिल जाए तो जानबूझकर, सर."

ते हसले की खोकले, मला अजून सांगता येत नाही. आता दरवर्षी नव्या वर्गाला मी तोच कंस देते, ऐंशी टाइप करते आणि दोन पदं लाल झाली की कपाळाला हात लावते. अगदी मुद्दाम.